बेळगावच्या दुकानात उभं राहून एचटीएमएलचं पुस्तक कसं तपासायचं

वेब डिझाइन शिकायला निघालेला नवखा माणूस पहिली चूक करतो ती पुस्तकाच्या दुकानात. मीही तिथंच केली. दहावीपर्यंत मराठी शाळा, खानापूर तालुक्यात. मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) बेळगाव, रोज बसनं जाऊन-येऊन. सुट्टीत काम करून जमवलेले पैसे खिशात घालून एका दुकानात शिरलो आणि कपाटातलं एचटीएमएलचं, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेचं, सगळ्यात जाड पुस्तक उचललं. नऊशेवर पानं आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली सीडी. जाड म्हणजे भारी, एवढाच माझा हिशोब.

दोन महिने ते इमानानं वाचलं. त्यातून मामाच्या काजूच्या धंद्याचं एक वेबपान तयार केलं. पुण्यात नोकरीला असलेल्या ओळखीच्या एका दादाला दाखवलं, तर तो म्हणाला, "हे कुठनं शिकलास रे बा? असं पान आता कोण करत नाही." पुस्तकात चूक काही नव्हतं. ते दहा वर्षं शिळं होतं, एवढंच. आणि ही गोष्ट पुस्तकातच छापलेली होती, आतल्या नावाच्या पानामागं, बारीक अक्षरात. ते पान वाचायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठलेही असा, दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुस्तक तपासता येतं. ते कसं, एवढंच इथं सांगतो.

"यूट्यूब असताना पुस्तक कशाला?" हे मला सारखं विचारलं जातं. व्हिडिओत दुसरा टाइप करतो आणि आपण मान डोलावतो. पुस्तकासमोर बसलं की टाइप आपल्यालाच करावं लागतं. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडच्यांना पावसाळ्यातलं वेगळं सांगायला नको. लाईट नाही, रेंज नाही, पण लॅपटॉपच्या बॅटरीत दोन तास शिल्लक असतात. एचटीएमएल शिकायला नेट लागत नाही, नोटपॅड आणि ब्राउझर असला की झालं. आणि पुस्तक कधीतरी संपतं. व्हिडिओंची रांग संपत नाही, त्यामुळं आपलं शिकून झालं की नाही तेच कळत नाही.

आधी एक गोष्ट मोकळी करू

बीसीएच्या किंवा डिप्लोमाच्या पेपरासाठी पुस्तक हवं असेल, तर विद्यापीठाचा अभ्यासक्रम बघा, त्यात नेमलेलं पुस्तक घ्या आणि हा लेख खुशाल इथंच सोडा. गाईडनं मार्क पडतात. पान मात्र उभं राहत नाही, कारण गाईडमध्ये 'टॅग (एचटीएमएलमधली कंसात लिहायची खूण) म्हणजे काय' याचं पाच मार्कांचं उत्तर असतं, टॅग लिहायला लावणारा एकही धडा नसतो. पुढचं सगळं ज्यांना खरंच पान तयार करायचंय त्यांच्यासाठी, मग ते नोकरीसाठी असो किंवा घरच्या धंद्यासाठी.

पहिली पायरी: नावाच्या पानामागचं पान

मुखपृष्ठ बघू नका. आतलं नावाचं पान उलटा. तिथं प्रकाशकाचं नाव, हक्क आणि साल असतं. या सालात एक मेख असते, आणि मी नेमका तिथंच फसलो. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवृत्ती बदलते तेव्हा लेखकानं मजकुराला हात लावलेला असतो. पुनर्मुद्रणात तोच जुना मजकूर नव्या कागदावर येतो. 'पुनर्मुद्रण २०२२' असं ठळक छापलेलं असेल आणि वरच्या ओळीत 'पहिली आवृत्ती २००६' असेल, तर ते पुस्तक २००६ चं. कागद कितीही पांढराशुभ्र असला तरी.

साल कळलं, आता त्याचा अर्थ लावायचा. त्यासाठी थोडा इतिहास लागतो. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली ती सर्न या संशोधन संस्थेत, आणि सर्न बसलीय स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवर. म्हणजे वेबसुद्धा सीमाभागातलंच लेकरू! पहिली वेबसाइट १९९१ ची. पुढं १९९९ च्या डिसेंबरात एचटीएमएल ४.०१ आलं आणि मधल्या एक्सएचटीएमएल या कडक नियमांच्या प्रकाराच्या फेऱ्यासकट पुढची बरीच वर्षं पुस्तकं त्याच जमान्यातली निघत राहिली. माझं नऊशे पानी पुस्तक त्यातलंच.

एचटीएमएल ५ वर डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं शिक्कामोर्तब केलं ते २८ ऑक्टोबर २०१४ ला. हा दिवस आपल्याला लक्षात ठेवायला फार सोपा आहे. तो मंगळवार होता, आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी, १ नोव्हेंबरला, सरकारी कागदावरचं 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' आलं. (१ नोव्हेंबरला आपल्याकडं आणखी काय असतं ते सांगत बसत नाही.) तेव्हा खूणगाठ अशी बांधा: दुकानाच्या पाटीवर बेलगाम असतानाच्या काळातलं पुस्तक असेल, तर दोनदा विचार करा.

पण २०१४ सुद्धा पुरत नाही. पानावरचे भाग शेजारी-शेजारी, वर-खाली बसवायची ग्रिड नावाची पद्धत क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत मार्च २०१७ मध्ये आली. त्याआधीच्या पुस्तकांत मांडणीसाठी फ्लोट नावाची कसरत शिकवलेली असते. म्हणून मांडणीचा भाग शिकायला २०१८ किंवा नंतरची आवृत्तीच बघा.

जाता जाता: मुखपृष्ठावर 'एचटीएमएल ६' असं लिहिलेलं पुस्तक दिसलं तर जागच्या जागी ठेवून द्या. तशी गोष्टच नाही. २०१९ पासून एचटीएमएलचं मानक एकाच ठिकाणी सतत सुधारलं जातं, त्याला नवे आकडे लागत नाहीत.

दुसरी पायरी: खिशातली चिठ्ठी

इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी शब्दसूची असते. नवखे लोक तिकडं बघतच नाहीत, आणि खरं सगळं तिथंच उघडं पडतं. दुकानात जाताना एका चिठ्ठीवर हे शब्द इंग्रजी स्पेलिंगसकट लिहून न्या: फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, व्ह्यूपोर्ट, ऑल्ट, यूटीएफ-८.

पहिले दोन मांडणीचे. व्ह्यूपोर्ट म्हणजे पानाच्या डोक्यात लिहायची एक ओळ, जी मोबाइलला सांगते की पान तुझ्या रुंदीत बसव. ही ओळ नसली तर आयफोन, उदाहरणार्थ, पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. आपलं गिऱ्हाईक पान बघतं ते मोबाइलवर, बसच्या रांगेत उभं राहून. ज्या पुस्तकाला व्ह्यूपोर्ट माहीत नाही, त्याला आपलं गिऱ्हाईक माहीत नाही. ऑल्ट म्हणजे फोटोसोबत शब्दांत लिहायचं वर्णन: फोटो उघडला नाही तर ते दिसतं, आणि दृष्टिहीन माणसाचं स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतं. यूटीएफ-८ कडं पुढं सविस्तर येतो, ते आपल्या मराठीसाठी सगळ्यात मोलाचं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पुस्तक जुनं असल्याचं सांगणारे शब्द लिहा: फ्रेमसेट, मार्की, फॉन्ट टॅग, फ्रंटपेज, फ्लॅश. यातलं काही 'हे आता वापरू नका' असं सांगायला आलं असेल तर हरकत नाही, ती पानं उघडून बघा. पण फ्लॅशवर अख्खा धडा असेल, तर लक्षात ठेवा की पानावर हलती चित्रं दाखवणारा तो फ्लॅश प्लेअर बनवणाऱ्या अडोबी कंपनीनंच ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार बंद केला.

एवढंही करायला वेळ नसेल तर एकच गोष्ट बघा. पुस्तकातलं पहिलं पूर्ण उदाहरण शोधा आणि त्याची पहिली ओळ वाचा. तिथं डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या प्रकारच्या एचटीएमएलचं ते सांगणारी खूण, लिहिलेला असतो. 'डॉकटाइप' आणि 'एचटीएमएल' असे दोनच शब्द कंसात असतील तर पुस्तक एचटीएमएल ५ च्या काळातलं. तीच ओळ लांबलचक असेल, तिच्यात 'डीटीडी' आणि कुठलातरी पत्ता असेल, तर जुनं. डॉकटाइपच नसेल तर त्याहून जुनं, नाहीतर निष्काळजी. टॅग सगळे कॅपिटल अक्षरांत असतील तर तीही जुनेपणाची खूण. तसं लिहिणं चूक नाही, ब्राउझरला दोन्ही चालतं, पण आजचा कारागीर लहान अक्षरांतच लिहितो.

आणखी एक. पहिल्या वीस-पंचवीस पानांत तुमच्याकडून एक तरी चालतं पान तयार करून घेतलं जातंय का ते बघा. पहिला अख्खा धडा इंटरनेटचा इतिहास, सर्व्हरचे प्रकार आणि व्याख्या यांतच संपत असेल, तर ते पुस्तक परीक्षेसाठी लिहिलेलं आहे, मुखपृष्ठावर काहीही म्हणो. (मी वर इतिहासच सांगितला हे मला माहीत आहे. पण तो पुस्तक निवडायला होता.)

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातल्या मुलांचा खरा अडसर हाच असतो. "आधी इंग्रजी सुधारतो, मग शिकतो." असं म्हणणारा पुढच्या गणपतीलाही तिथंच असतो.

थोडा हिशोब करा. एचटीएमएलमध्ये टॅग शंभरावर आहेत, पण रोजच्या कामात वीस-पंचवीस लागतात. हेडर, फूटर, इमेज, टेबल, फॉर्म, बटण, हे शब्द आपल्या बोलण्यात आधीच आहेत. आपल्याकडं घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, कारवार-खानापूरच्या काही घरांत कोकणी. चार भाषांत वावरणाऱ्या पोराला पंचवीस शब्दांची पाचवी भाषा जड जाऊ नये.

पुस्तकाची भाषा आपल्याला झेपेल का, हे बघायला मी असं करतो. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि सावकाश वाचायचं. तांत्रिक शब्द मोजायचे नाहीत, ते पुस्तक समजावतंच. बाकीच्या साध्या इंग्रजीत पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक परत ठेवायचं आणि दुसरं बघायचं. लेखक मोठा असेल, आपल्यासाठी नाही. चित्रं जास्त, वाक्यं छोटी, असं पुस्तक पहिलं घ्यावं आणि त्यात कमीपणा मानू नये.

मग मराठी पुस्तकं? पहिल्या आठवड्यात, डोक्यात चित्र बसायला, मराठीतलं चांगलं पुस्तक फार उपयोगी पडतं. फक्त घेताना दोन गोष्टी बघा. तारीख तशीच तपासा, कारण मराठी तांत्रिक पुस्तकं नव्या आवृत्तीऐवजी पुनर्मुद्रणावर चालतात असा माझा अनुभव आहे. आणि टॅगला टॅग, लिंकला लिंक म्हटलंय का तेही बघा. प्रत्येक शब्दाला घडवलेला मराठी प्रतिशब्द असेल, तर पुढं कुठंही अडल्यावर नेटवर शोधायला गेलात की तुमच्याकडं शोधायचा शब्दच नसतो. मला मराठी शब्दांचं प्रेम कमी नाही, पण कोडमध्ये लिहावं लागतं ते इंग्रजीच.

एक बारकी गोष्ट, जिनं माझी एक अख्खी दुपार खाल्ली होती. शाळेत आपल्याला ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात. 'कलर' मध्ये आपण 'यू' घालतो, 'सेंटर' च्या शेवटी 'आरई' लिहितो. सीएसएसला, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेला, या शब्दांचं अमेरिकन स्पेलिंगच कळतं. कलरमध्ये तो 'यू' घातलात की रंग लागत नाही, आणि ब्राउझर पानावर चकार शब्द काढत नाही. पुस्तकातली अक्षरं जशीच्या तशी बघून टाइप करा.

कुठलं शिळं होतं, कुठलं मुरतं

सगळीच जुनी पुस्तकं टाकाऊ नसतात. मांडणीचा धडा दुधासारखा, लवकर नासतो. मथळा, परिच्छेद, लिंक, यादी, टेबल, हे तांदळासारखं, वर्षभरानं भात जास्तच मोकळा होतो. आणि डिझाइनची तत्त्वं, म्हणजे माणूस पान कसं बघतो, त्याची नजर कुठं अडते, बटण कुठं शोधतो, ही फारशी शिळी होतच नाहीत.

म्हणून दोन पुस्तकं वेगवेगळी धरा: एक एचटीएमएल-सीएसएसचं, ताजं, एक डिझाइनचं, जुनं चालेल. एचटीएमएल येणं म्हणजे डिझाइन येणं नव्हे. गवंडीकाम येतं म्हणून कुणी घराचा नकाशा काढत नाही.

नावं विचारतात म्हणून तीन सांगतो. जॉन डकेट यांचं एचटीएमएल-सीएसएसचं पुस्तक २०११ चं. पानोपानी रंग, एका पानावर एकच कल्पना, इंग्रजी अगदी थोडं. भीती घालवायला यासारखं दुसरं मी पाहिलं नाही. पण साल बघा: त्यात फ्लॅशला धड्यात जागा आहे, आणि मांडणी शिकवलीय ती फ्लोटनं. त्यामुळं मजकूर, फोटो, रंग, फॉर्म हे धडे घ्या आणि मांडणीचा धडा दुसरीकडून शिका. दुसरं जेनिफर रॉबिन्स यांचं 'लर्निंग वेब डिझाइन', पाचवी आवृत्ती, २०१८. आठशेच्या घरात पानं आहेत, पण हे जाड पुस्तक माझ्या त्या जाड पुस्तकासारखं नाही. धड्याधड्यात सराव आहे आणि फ्लेक्सबॉक्स-ग्रिड दोन्ही नीट आहे. चौथी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर मोहात पडू नका, ती ग्रिडच्या आधीची. डिझाइनसाठी स्टीव्ह क्रुग यांचं 'डोन्ट मेक मी थिंक', पहिलं २००० मधलं, तिसरी आवृत्ती २०१४ ची. दोन रविवारांत संपतं.

जावास्क्रिप्टचं, म्हणजे पानाला हालतं-बोलतं करणाऱ्या भाषेचं, पुस्तक आत्ता घेऊ नका. घ्याल तेव्हा एवढं बघा: उदाहरणांत 'लेट' आणि 'कॉन्स्ट' असेल तर २०१५ नंतरच्या पद्धतीचं, नुसतं 'व्हार' च 'व्हार' असेल तर आधीचं.

जे या पुस्तकांत सापडणार नाही

आता माझ्या आवडीच्या विषयाकडं येतो. वरची तिन्ही पुस्तकं इंग्रजी पान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. आपल्याला करायचं असतं ते वडगावच्या साडीवाल्याचं, शहापूरच्या सराफाचं, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं, कुंद्याच्या दुकानाचं पान. ते मराठीत लागतं, कन्नडमध्ये लागतं, इंग्रजीतही लागतं. तिथं इंग्रजी पुस्तकाचा सल्ला जागोजाग चुकतो. म्हणून पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं या गोष्टी लिहून ठेवा.

पहिलं यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत. पानाच्या डोक्यात ही ओळ पाहिजेच, आणि फाइल सेव्ह करतानाही तीच पद्धत निवडलेली पाहिजे. नाहीतर 'बेळगाव' च्या जागी विचित्र खुणांची रांग दिसते. दुसरा घोळ मजकुराचा. गिऱ्हाईक म्हणतं, "मजकूर तयार आहे, प्रेसमधून आणलाय." तो असतो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात, आणि कन्नडचा असतो जुन्या नुडी फॉन्टात. छापायला तो उत्तम चालतो. पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा घालतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावा लागतो आणि मग ओळन् ओळ वाचावा लागतो, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथंच बिघडतात. कामाचा भाव सांगताना हे धरून सांगा. मी सुरुवातीला धरलं नव्हतं.

मग भाषेची खूण. प्रत्येक पुस्तकात पहिल्या टॅगमध्ये 'लँग' लिहून इंग्रजीचा 'ईएन' दिलेला असतो, आणि सगळे तो तसाच उतरवतात. मराठी पानाला 'एमआर' द्या. कन्नड परिच्छेदाला त्या परिच्छेदापुरता 'केएन'. कोकणीला दोन अक्षरी खूण नाही, तिची तीन अक्षरी, 'केओके'. याचा उपयोग काय? स्क्रीन रीडर त्या भाषेच्या उच्चारात वाचू शकतो. शिवाय काही देवनागरी फॉन्ट असे आहेत की ही खूण दिसली तरच ते मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' काढतात, नाहीतर हिंदी वळणाचे. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण "हे आपल्यासारखं दिसत नाही" असं ते बरोबर म्हणतं.

इंग्रजी पुस्तक सांगतं, मथळ्यातली अक्षरं थोडी सुटी करा, रुबाब येतो. मराठीत तसं केलंत की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हा सल्ला सरळ खोडा. 'सगळं कॅपिटल करा' चा मराठीवर परिणामच होत नाही, आपल्याकडं कॅपिटल अक्षर नाही. तिरकी अक्षरं ब्राउझर जबरदस्तीनं कलती करतो आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. जोर द्यायचा तर ठळक करा, नाहीतर रंग बदला. ओळींमधलं अंतर इंग्रजीला दीडपट पुरतं. आपल्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो, म्हणून मी पावणेदोन पटीच्या आसपास ठेवतो. कन्नडची अक्षरं खालच्या अंगाला आणखी पसरतात. दोन भाषा एका पानावर असतील तर दोन्हींसाठी वेगळा आकडा लागेल, डोळ्यांनी बघून ठरवा.

फॉन्टसाठी मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी, कन्नडसाठी नोटो सान्स कन्नड, हे फुकट आणि उघड्या परवान्याचे आहेत. जोडाक्षरांमुळं देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते, म्हणून एकाच पानावर चार-पाच फॉन्ट घालायची हौस करू नका. आणि एक गंमत: यादीचे आकडे सीएसएसमध्ये 'देवनागरी' असं सांगितलं की आपोआप १, २, ३ असे येतात. 'कन्नडा' सांगितलं की कन्नड आकडे येतात. हे मला कुठल्या धड्यात नाही, एका कोपऱ्यातल्या तक्त्यात सापडलं, आणि त्या दिवशी मी उगाचच पंधरा याद्या करून बघितल्या.

पैसे कमी असतील तर

बहुतेकांचे असतातच. लगेच विकत घेऊ नका. कथा-कादंबऱ्यांसाठी आपण सार्वजनिक वाचनालयात जातो, पण एचटीएमएलसाठी कॉलेजचं ग्रंथालय गाठा. स्वतःचं कार्ड नसेल तर गल्लीतला बीसीएचा एखादा पोरगा काढून देईल. ड्युई पद्धतीनं लावलेलं ग्रंथालय असेल तर ००५ आणि ००६ हे आकडे शोधा. आठवडाभर घरी ठेवा, दोन धडे टाइप करा. त्यानंतरही उघडावंसं वाटलं तर विकत घ्या.

परदेशी पुस्तकाची मूळ किंमत बघून डोळे फिरतात, पण अनेकांची भारतीय छपाई निघते, तिच्यावर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशी इंग्रजी ओळ असते. मजकूर तोच. फक्त ऑर्डर देण्याआधी छपाई रंगीत आहे का विचारा. रंगांचा धडा काळ्या-पांढऱ्यात छापलेला असेल तर त्यातून काही शिकता येत नाही. 'हा निळा आणि हा हिरवा' म्हणून दोन करडे चौकोन दाखवलेले मी पाहिलेत. हाच धोका झेरॉक्स प्रतींचा, शिवाय ती चोरी, ते वेगळंच.

जुनं घ्यायचं तर ओळखीच्याकडून घ्या. मागची सीडी नाही म्हणून अडून बसू नका, सीडी लावायला आता यंत्र कुठाय? त्याऐवजी पुस्तकात दिलेला उदाहरणांचा पत्ता मोबाइलवर उघडून बघा. तो चालू असेल तर लेखकाचं पुस्तकाकडं अजून लक्ष आहे.

आणून ठेवल्यावर

एका वेळी एकच पुस्तक. शेजारी एमडीएन ही मोझिलाची फुकट माहितीसाइट उघडी ठेवा. पुस्तकात एखादा टॅग आला की तिथं त्याच्यावर 'वापरू नये' असा शिक्का आहे का तेवढं बघा. जुन्या पुस्तकाचं शिळेपण असंच धडा-धडा उघडं पडत जातं, आणि तुम्ही पेन्सिलीनं समासात फुली मारता.

कोड चिकटवू नका, टाइप करा. चुका होतील, त्यातली निम्मी तर बंद न केलेल्या टॅगची असेल. डब्ल्यूथ्रीसीचा तपासनीस फुकट आहे. त्याच्यात पान टाकलं की ओळ क्रमांकासकट चुका सांगतो. पहिल्यांदा लाल ओळींची रांग बघून दचकू नका. वरची पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळंच आलेल्या असतात.

सरावाला पुस्तकातलं कॉफी शॉप घेऊ नका. आपल्या गल्लीतलं काहीतरी घ्या. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपची मालाची यादी घेतलीत तर टेबल टॅग खऱ्या कामाला लागतो: माल, वजन, माप, भाव. साडीच्या दुकानाचं घेतलंत तर फोटो आणि ऑल्ट शिकाल. 'फोटो १' असं लिहू नका. काठ कसला, पदराचा रंग कुठला, ते लिहा.

तयार झालेलं पान आईच्या किंवा शेजारच्या काकूंच्या साध्या मोबाइलवर उघडून बघा. अक्षरं मुंगीएवढी दिसली तर व्ह्यूपोर्टची ओळ राहिलीय. मराठीच्या जागी खुणांची रांग आली तर यूटीएफ-८. नुसते चौकोन दिसले तर फॉन्ट. पान आडवं सरकवावं लागत असेल तर बहुधा कुठल्यातरी फोटोला पिक्सेलमध्ये रुंदी दिली गेलीय. यातलं जे निघेल त्या धड्यावर पुस्तकात परत जा आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.